कल्याण–मुरबाड–माळशेज रस्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, डोंबिवली, ऐरोलीकडची मंडळी याला माळशेजचा रस्ता म्हणतात. कल्याणात तो मुरबाड रोड असतो आणि एसटीच्या पाटीवर नगर. या पानावरची बरीच उत्तरं मुरबाड तालुक्याभोवती फिरतात. कल्याण मागे पडल्यापासून घाट चढेपर्यंतचा बहुतेक रस्ता त्याच तालुक्यातून जातो, पण धबधब्याच्या ओढीने निघालेल्या गाड्यांना नेमका तोच दिसत नाही.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

ठाण्याहून निघालात तर माजिवडा, खारेगाव, रांजणोली, दुर्गाडी करत आधी कल्याण गाठायचं. पुढे शहाड, म्हारळ, वरप, कांबा, पाचवा मैल, रायते, गोवेली, मामणोली आणि मुरबाड. मुरबाडनंतर सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी, सावर्णे आणि मग घाट. वर गेलं की पुणे जिल्हा : खुबी फाटा, मढ, ओतूर, आळेफाटा. तिथून बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी अशी गावं घेत रस्ता नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पोचतो.

कल्याण ते मुरबाड सुमारे ३० किलोमीटर, कल्याण ते माळशेज सुमारे ८५, आणि नगर दोनशेच्या थोडं पुढे. रस्ता नगरला संपत नाही. पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड करत तो तेलंगणातल्या निर्मलकडे जातो. पण त्या टोकाबद्दल ठाण्यातून सहसा कोणी विचारत नाही.

हा राज्य महामार्ग आहे की राष्ट्रीय? २२२ की ६१?

आज तो राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे. त्याआधी राज्याचा रस्ता होता, मग राष्ट्रीय दर्जा मिळून २२२ झाला, आणि २०१० साली देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले तेव्हा ६१. जुन्या नकाशात, दुकानांच्या पत्त्यात आणि काही पाट्यांवर २२२ अजून सापडेल. रस्ता तोच आहे.

नव्या क्रमांकांना एक शिस्त आहे, ती माहीत असली की गोंधळ होत नाही. पूर्व–पश्चिम जाणाऱ्या महामार्गांना विषम आकडा आणि उत्तर–दक्षिण जाणाऱ्यांना सम. आळेफाट्याला याचा पडताळा मिळतो. आपण ६१ वरून पूर्वेकडे येतो आणि पुणे–नाशिक रस्ता, म्हणजे ६०, आपल्याला आडवा जातो.

मग गावातले लोक अजून 'स्टेट हायवे' का म्हणतात?

सवय, दुसरं काय. शिवाय दर्जा बदलला म्हणून रस्ता एका रात्रीत बदलत नाही. म्हारळ–वरपच्या बाजूला रुंदीकरण आणि काँक्रीटीकरण तुकड्यातुकड्याने होत आलं आहे. मुरबाडपुढे गाडी चालवताना आपण राष्ट्रीय महामार्गावर आहोत, हे बऱ्याच ठिकाणी पाटी वाचूनच कळतं.

रस्ता कोणाचा आहे हे जाता जाता कसं ओळखायचं?

किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा किंवा शहराचा रस्ता, आणि नारिंगी असेल तर गावाकडे जाणारा ग्रामसडक योजनेचा रस्ता. मुरबाडच्या आसपास फाट्याफाट्यावर आत वळलात तर तासाभरात हे सगळे रंग बघून होतील. सरकारी कागदात यांचीच नावं रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी येतात : राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. खड्ड्याची तक्रार करायची तर हे आधी बघावं. महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि आतले बरेच रस्ते जिल्हा परिषदेकडे, त्यामुळे चुकीच्या दारात दिलेला अर्ज नुसता फिरत राहतो.

हा रस्ता किती जुना आहे?

डांबर अलीकडचं. पण कल्याणच्या खाडीपासून मुरबाडच्या सपाटीवरून सह्याद्रीच्या पायथ्याशी जायचं आणि तिथून जुन्नरच्या पठारावर चढायचं, ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

सातवाहनांची राजधानी पैठण, म्हणजे प्रतिष्ठान. त्यांच्या मुलखातला माल समुद्रापर्यंत आणायचा तर पैठण, जुन्नर, नाणेघाट, कल्याण अशी सरळ वाट पडते. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' हे ग्रीक भाषेतलं प्रवासवर्णन कल्याणला 'कल्लिएना' म्हणतं. त्यात एक मजेशीर तपशील आहे : एकेकाळी हे रीतसर व्यापारी बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर इथे वाट चुकून आलेली ग्रीक जहाजंसुद्धा पहाऱ्यात भडोचला धाडली जात. बंदरांची ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

म्हणून या रस्त्याचा इतिहास माळशेजपासून सुरू केला की तो अर्धवट राहतो. सुरुवात वैशाखऱ्यापासून करावी लागते.

वैशाखऱ्याला काय आहे?

वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचं गाव. त्याच्या पुढे महामार्गालाच लागून पायवाट सुटते आणि जंगलातून, मग दगडी पायऱ्यांवरून दोन-तीन तासांत नाणेघाटाच्या तोंडाशी नेते. वर घाटघर, शेजारी पहारेकऱ्यासारखा जीवधन किल्ला आणि त्याला लागून वानरलिंगी सुळका. बहुतेक ठाणेकर हल्ली जुन्नरच्या बाजूने गाडी थेट माथ्यावर नेतात. ते सोयीचं आहे, पण घाट म्हणजे चढ, आणि तो खालून चढल्याशिवाय इथून माल वाहून नेणं म्हणजे काय होतं हे लक्षात येत नाही. वाट चुकायला फारशी जागा नाही, तरी पावसाळ्यात ओढे फुगतात. पाणी भरपूर घ्या, उन्हाळ्यात तर दुप्पट.

नाणेघाट आणि माळशेज घाट एकच का?

नाही. दोन्ही एकाच डोंगररांगेत जवळजवळ आहेत, म्हणून घोळ होतो. नाणेघाट ही पायवाट आहे, तिथून गाडी कधीच गेली नाही. माळशेज हा गाडीरस्त्याचा घाट. वैशाखऱ्यापर्यंत दोघांचा रस्ता एकच आहे. तिथून नाणेघाटवाला पायउतार होतो आणि माळशेजवाला मोरोशीकडे सरकतो.

नाणेघाटातल्या लेखात नेमकं काय लिहिलं आहे?

माथ्याजवळच्या गुहेत तिन्ही भिंतींच्या कडेने दगडी बाक आहे आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख. सातवाहन राणी नागनिका, सातकर्णी राजाची पत्नी, हिच्याशी तो जोडला जातो. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिलं शतक. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण–वासुदेव, चंद्र–सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना वंदन आहे. मग राजघराण्याने केलेल्या यज्ञांची यादी येते. त्यात अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणि प्रत्येक यज्ञाला किती गाई, हत्ती, घोडे, कार्षापण (तेव्हाची नाणी) दक्षिणा दिली त्याचे आकडे आहेत.

त्या आकड्यांमुळेच हा लेख जगभर माहीत आहे. भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत नाणेघाटाचे अंक धरले जातात, आणि आपण आज लिहितो त्या अंकांची ओळख त्यातल्या काहींत लागते. एका भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी ही नावं वर शाबूत आहेत आणि खाली पुतळ्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

इंग्रजी अमदानीत कर्नल साइक्स १८२८ च्या सुमारास इथे आला आणि त्याने हे लेख अभ्यासकांपुढे आणले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यांचं वाचन केलं. हेच भगवानलाल १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरणारे. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासातली दोन मोठी कामं या एका माणसाच्या नावावर आहेत. त्यांच्या नावाचा एखादा चौक ठाण्यात असायला हरकत नव्हती.

नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला तो दगडी रांजण खरंच जकातीचा होता का?

परंपरा तसं सांगते : वर चढून आलेला व्यापारी रांजणात नाणी टाकायचा, संध्याकाळपर्यंत रांजण भरायचा. वाचायला छान आहे, आणि घाटाच्या तोंडाशी जकात घेत असणार यात शंका घ्यायचं कारण नाही. पण गुहेतला मोठा लेख यज्ञांचा आणि दानांचा आहे, जकातीचा हिशेब त्यात नाही. तेव्हा रांजणासमोर उभं राहून मुलांना गोष्ट सांगा, फक्त 'असं म्हणतात' हे दोन शब्द गाळू नका.

इतका मोठा व्यापारी मार्ग मग मागे कसा पडला?

चाकांमुळे. जोवर माल बैलाच्या आणि माणसाच्या पाठीवर होता तोवर चढ कितीही उभा असला तरी अंतर कमी असणं महत्त्वाचं होतं. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याकडचा माल बैलगाडीत बसून खाली यायला लागला. त्यानंतर रेल्वे आली : १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, १ मे १८५४ ला कल्याण. कल्याणहून एक फाटा बोरघाटाकडे आणि दुसरा थळघाटाकडे, म्हणजे कसाऱ्याच्या घाटाकडे, गेला. १८६५ पर्यंत दोन्ही घाटांतून गाड्या धावत होत्या. मुरबाडच्या दिशेला मात्र रूळ वळले नाहीत.

परिणाम आजही दिसतो. कल्याणपासून कर्जतच्या बाजूला आणि कसाऱ्याच्या बाजूला स्टेशनागणिक वस्ती वाढली. त्या दोन रुळांच्या मधला मुरबाड तालुका भाताचा, जंगलाचा आणि एसटीचा राहिला. काहींना हे मागासलेपण वाटतं. मला वाटतं, कल्याणपासून तासाभरावर अजून शेवळं आणि करटोली या रानभाज्या विकणाऱ्या बायका रस्त्याला बसतात, त्याचं श्रेय थोडं या न आलेल्या रेल्वेला आहे. अर्थात, हे बाहेरून बोलणं सोपं आहे. रोज पहाटे मुरबाडहून कल्याणची लोकल गाठणाऱ्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल.

कल्याण ते मुरबाडमध्ये बघण्यासारखं काय आहे?

खरं सांगायचं तर म्हारळपर्यंत फक्त गर्दी बघायची. शहाडचा पूल ओलांडायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. शहाडला विठोबाचं देऊळ आहे, लोक त्याला बिर्ला मंदिर म्हणतात. आषाढी–कार्तिकीला पंढरपूर न गाठता येणारे कल्याण–उल्हासनगरचे भाविक इथे रांग लावतात.

वरप–कांब्यानंतर डाव्या-उजव्या हाताला मोकळं रान दिसायला लागतं. गोवेली फाट्याला डावीकडे टिटवाळ्याचा रस्ता सुटतो. गणपतीला जाणारे मुरबाडकर स्टेशनच्या बाजूने न येता याच फाट्याने येतात.

रायत्याच्या पुलाबद्दल पावसाळ्यात बातम्या का येतात?

रायत्याला रस्ता उल्हास नदी ओलांडतो. उल्हास बोरघाटाच्या, राजमाचीच्या बाजूला उगम पावते आणि कर्जत, बदलापूर करत इथे येते. म्हणून कल्याणात फारसा पाऊस नसतानाही वर खंडाळ्याकडे कोसळला की इथे पाणी चढतं. पुलावर पाणी आलं की वाहतूक बंद होते आणि मुरबाड कल्याणपासून तुटतं.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर–वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. तो पूर याच उल्हासचा, आणि त्याच दिवसांत रायत्याचा पूलही पाण्याखाली होता. टीव्हीवर सगळीकडे गाडी दिसली. पुलाच्या दोन्ही बाजूंना अडकलेल्या दूधवाल्यांकडे कॅमेरा वळायचं कारण नव्हतं.

जोरदार पावसाच्या दिवशी निघायचं असेल तर माळशेजच्या धुक्याआधी रायत्याच्या पाण्याची चौकशी करा.

मुरबाडला थांबावं का?

थांबा. निदान चहाला. पण त्याहून जास्त करायचं असेल तर तीन गोष्टी सांगतो.

पहिली म्हसा. मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला म्हसा गाव आहे. पौष पौर्णिमेला तिथे म्हसोबाची, म्हणजे खांबलिंगेश्वराची, यात्रा भरते आणि कितीतरी दिवस चालते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्या, टोपल्या, विळे-कोयते, तमाशाचे तंबू, मिठाईचे ढीग. ठाणे–रायगडची शेतकरी मंडळी पिढ्यान्पिढ्या इथे येतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैलबाजाराची जुनी शान राहिली नाही असं म्हातारे सांगतात, तरी एकदा बघावं असंच आहे.

दुसरी सिद्धगड. भीमाशंकरच्या रांगेतला हा किल्ला मुरबाड तालुक्यात येतो. बेचाळीसच्या आंदोलनात माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडायचे, ही त्यांची मोहीम. त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लागलं होतं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढा घातला आणि गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक स्मारकापाशी जमतात. नाणेघाट बघायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही जागा माहीत असते, हे खटकतं. इतिहास म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचाच असं थोडंच आहे?

तिसरी गोरखगड–मच्छिंद्रगडची जोडी, म्हशाच्या पुढे देहरी गावाजवळ. गोरखगडाच्या पोटातली गुहा मोठी आहे, पण शेवटच्या खोदीव पायऱ्या उभ्या आहेत. सवय नसेल तर गुहेपर्यंतच जा.

पहिलं कॅशलेस गाव याच रस्त्याला आहे ना?

रस्त्याला नाही, थोडं आत. सरळगावच्या बाजूने धसईला जाता येतं. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ ला धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. तरी खिशात सुट्टे पैसे असू द्या.

मुरबाडच्या पुढे रस्ता कसा आहे?

सरळगावला शहापूर–किन्हवलीकडून येणारा रस्ता मिळतो, नाशिक महामार्गावरून येणाऱ्यांना कल्याण टाळायचं असेल तर तो उपयोगी. टोकावड्यानंतर डोंगर समोर येतात आणि गाडी चालवणाऱ्याचं लक्ष उडायला लागतं, तेव्हा सांभाळून. इथली वस्ती महादेव कोळी, ठाकर, कातकरी, कुणबी अशी. शाळा सुटायच्या वेळी पोरं रस्त्याच्या कडेने घरी चालत असतात. रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या सुटतात त्या वेगाने इथून जाण्याचं काही कारण नाही.

मोरोशीला उजव्या-डाव्या कुठल्या बाजूला बघू असं होईल. भिंतीसारखा उभा कातळ दिसतो तो मोरोशीचा भैरवगड. लाव्हाच्या थरांमधून वर घुसून थिजलेल्या खडकाची ही पातळ भिंत आहे, आजूबाजूचा मऊ भाग झिजून गेला आणि ती उरली. वर जायला प्रस्तरारोहणाचं साहित्य आणि जाणकार माणूस लागतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाही याच बाजूला तोंड करून आहे. त्याच्या पायथ्याचं बेलपाडा मुरबाड तालुक्यातच येतं. कोकणकडा खालून बघितला की त्याची उंची खरी कळते.

मुरबाड तालुक्यात एवढा पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात टँकर का?

हा प्रश्न ठाणे–नवी मुंबईकरांनी स्वतःला विचारावा असा आहे. बदलापूर–मुरबाडच्या मधलं बारवी धरण एमआयडीसीचं. तिथलं पाणी जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना जातं. धरणाची उंची वाढवत नेली तसतसे पाडे उठत गेले, आणि बाधितांच्या मोबदल्याचा, नोकऱ्यांचा झगडा बरीच वर्षं चालला. काळू नदीवरही शहरांसाठी मोठं धरण बांधायचं ठरलं होतं. तिथल्या आदिवासी गावांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि काम थांबलं. प्रस्तावाची चर्चा मात्र अधूनमधून पुन्हा वर येते.

पाऊस धो धो पडतो आणि कातळावरून सरळ खाडीत वाहून जातो. दगडात पाणी धरून ठेवायला जागा नाही. जे धरलं जातं ते नळाने खाली शहरात येतं. म्हणून मे महिन्यात डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर बायका विहिरीच्या तळाशी उतरलेल्या दिसतात.

माळशेज घाट पावसाळ्यात सुरक्षित आहे का?

रस्ता सहसा चालू असतो, पण दरडी पडतात, आणि पडल्या की काही तास ते काही दिवस घाट बंद राहतो. धुकं इतकं दाट येतं की पुढच्या गाडीचा दिवा तेवढा दिसतो. पावसाळ्यात ठाणे आणि पुणे जिल्हाधिकारी धबधब्यांच्या परिसरात जायला, थांबायला मनाई करणारे आदेश काढतात. ते दरवर्षी बदलतात, निघण्याआधी त्या वर्षीचा आदेश बघा.

घाट कोरड्या दिवसांतही हलक्यात घेऊ नये. २ जानेवारी २०१४ ला ठाण्याहून नगरकडे जाणारी एसटी इथे दरीत कोसळली आणि पंचवीसहून अधिक प्रवासी गेले. तेव्हा ना पाऊस होता ना धुक्याचा मोसम.

वळणावर गाडी उभी करून फोटो काढणाऱ्यांबद्दल सौम्य शब्दांत लिहिणं मला जमत नाही. नगरहून कांदा भरून येणारा ट्रक ब्रेक दाबत उतरत असतो, त्याला तुमच्या सेल्फीची आधी कल्पना नसते. थांबायला मोकळ्या जागा केल्या आहेत, तिथेच थांबा.

माळशेजला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतात का?

पिंपळगाव जोगा धरणाच्या पाणवठ्यावर येतात असं जुन्या माहितीपत्रकांत हमखास लिहिलेलं असतं, आणि कधी कधी दिसतातही. पण केवळ रोहितसाठी एवढा घाट चढू नका. ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाला ऐरोली जवळ आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली. हिवाळ्यात तिथे हजारोंनी दिसतात. माळशेजला धबधबे, रानफुलं आणि डोंगर बघायला जा.

घाटमाथ्यानंतर काय?

घाटाच्या वरच्या टोकाला छोटा बोगदा आहे. माथा ओलांडला की पाण्याची दिशा बदलते : अलीकडचा पाऊस काळू–उल्हासमधून ठाण्याच्या, वसईच्या खाडीला, आणि पलीकडचा पुष्पावती, कुकडी, घोड, भीमा करत थेट बंगालच्या उपसागराला.

खुबी फाट्यावरून खिरेश्वरला वळता येतं. तिथलं नागेश्वराचं जुनं देऊळ बघा, आणि पाय चालत असतील तर टोलारखिंडीतून हरिश्चंद्रगड (१४२४ मीटर). किल्ला अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे, म्हणजे चढता चढता जिल्हा बदलतो.

मढ ओलांडून ओतूरला आलात की शेतीचा नूरच वेगळा : कांदा, टोमॅटो, द्राक्ष, ऊस. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नरचा हा भाग ओलिताखाली आणला, पिंपळगाव जोगा त्यातलंच एक. ऊस आला तसा बिबट्याही उसात वस्तीला आला. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते त्यामुळेच. ओतूरलाच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, आणि कपर्दिकेश्वराचं देऊळ. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी रचतात, ते बघायला पंचक्रोशी लोटते.

ठाणे, कल्याण, मुंबईत भाजी मंडईत, माथाडीत, टॅक्सीवर कामाला आलेली जुन्नर, पारनेर, अकोल्याची कितीतरी कुटुंबं याच रस्त्याने जत्रेला गावी जातात. चैत्रात शुक्रवारी रात्री कल्याणच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की हा रस्ता कोणाचा आहे ते समजतं.

गाडी नसेल तर कसं जायचं?

कल्याण पश्चिमेला स्टेशनजवळच्या स्टँडवरून मुरबाड, आळेफाटा, नगरकडच्या एसटी मिळतात. मुरबाडला एसटीचं स्वतःचं आगार आहे, तिथून आतल्या गावांच्या गाड्या सुटतात. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. नाणेघाटासाठी कंडक्टरला वैशाखरे नको, 'नाणेघाट पायथा' सांगा, म्हणजे वाटेच्या तोंडाशी उतरवतील. संध्याकाळी परतीची शेवटची गाडी कधी आहे ते सकाळी उतरतानाच विचारून घ्या. वडाप जीपवर भरवसा ठेवायचा तर अंधार पडायच्या आत रस्त्यावर या.

नवी मुंबईहून कल्याणची गर्दी टाळून जाता येईल का?

येईल. शिळफाट्यावरून काटई, बदलापूर आणि तिथून बारवी धरणाच्या बाजूने मुरबाड. रस्ता अरुंद, पण पावसाळ्यात कल्याणमार्गापेक्षा शंभर पट देखणा. उल्हासला पूर असेल त्या दिवशी मात्र बदलापूरची बाजूही भरवशाची नाही.

कल्याण–मुरबाड रेल्वे कधी येणार?

मागणी जुनी आहे. सर्वेक्षणं झाली, घोषणा झाल्या, निवडणुकीच्या भाषणांत गाडी कित्येकदा मुरबाडला पोचून गेली. माळशेजमार्गे नगरपर्यंत रूळ न्यावेत ही त्याहून मोठी मागणीही दशकानुदशकं चालू आहे. मुरबाडला जागा घेऊ म्हणणारे दलाल मात्र रेल्वेची तारीख अगदी छातीठोक सांगतात. त्यांच्या तारखेवर विसंबून पैसे गुंतवू नका.

पेट्रोल, मोबाइल रेंज, मदत?

टाकी मुरबाडला भरून घ्या. सावर्ण्यापासून घाटमाथ्यापर्यंत रेंज येते-जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. अपघात झाला तर ११२ किंवा १०८, आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. 'धबधब्याजवळ आहोत' म्हटलं तर घाटात धबधबे शेकड्याने आहेत.